एकच जीव उरलेला बोका

‘पुस इन बूट्स: द लास्ट विश’ (2022) हा पुस नावाच्या तलवारबाज बोक्याचा ॲनिमेशनपट पहिल्या भागापेक्षा सरस ठरला तो केवळ सुधारलेल्या ॲनिमेशनमुळे, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. चित्रशैली बदलली आहे हे खरे. ब्रशचे फटकारे दिसतात आणि हाणामारीत सेकंदाला कमी चित्रे वापरल्यामुळे हालचालींना एक वेगळाच झटका येतो. मात्र 2011 च्या चित्रपटाची खरी उणीव पटकथेत होती. आभाळाला भिडलेला वेल, सोन्याची अंडी, हम्प्टी डम्प्टीचा दगाफटका असा सगळा सरंजाम असूनही नायकाचे खरोखर काही पणाला लागले आहे असे वाटत नव्हते. या नव्या चित्रपटात मात्र मांजराच्या नऊ जीवांपैकी आठ खर्ची पडले आहेत, आणि गुत्त्यात शेजारी येऊन बसलेला लांडगा, म्हणजे साक्षात मृत्यू, त्या फुशारक्या मारणाऱ्या बोक्याच्या कपाळावर रक्ताचा पहिला ओघळ काढतो, तेव्हा त्याच्या अंगावरचा केस न् केस उभा राहतो. (माझ्या आठ वर्षांच्या भाचीने त्या लांडग्याची शीळ ऐकताच उशी तोंडावर ओढली होती.)

इच्छा पुरी करणाऱ्या ताऱ्याकडे नेणाऱ्या नकाशाची कल्पनाही तितकीच नेमकी आहे: तो ज्याच्या हाती असेल त्याच्या स्वभावानुसार जंगल बदलते, त्यामुळे बोक्याच्या वाट्याला भयाण दऱ्या येतात आणि पेरितो या भोळ्या कुत्र्याच्या वाट्याला फुले. खलनायक जॅक हॉर्नरची पाठलागाची दृश्ये मात्र थोडी कमी असती तरी चालले असते.