पणजीत गाडी भाड्याने न घेता फिरता येईल का?

मुळामुठाकाठ: डिसेंबरात तीन दिवस पणजीला जाणार आहोत. सोबत सत्तरीची आई. ट्रेनने येणार, स्कूटर-कार नको. पणजी, जुने गोवे, जमल्यास मडगाव. कुठे उतरावं? बस पुरतील की टॅक्सी ठरवावी?

तिसवाडीकर: तिकीट मडगावचं काढू नका, तिथून पणजी ३० किमीच्या वर पडते. करमळीला उतरा. कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी तिथे थांबतात आणि पणजी साधारण ११ किमी. वंदे भारत मात्र करमळीला थांबत नाही, त्यासाठी थिवी. थिवीहून बस करायची तर आधी म्हापसा, मग पणजी. सामान आणि आई सोबत असताना तो खटाटोप करू नये, टॅक्सी घ्यावी. करमळी स्टेशनबाहेरही बस लगेच मिळेल असं धरून चालू नका.

पणजीत सगळं पाटोवरच्या कदंबा (गोव्याची एसटी) स्टँडवरून सुटतं. मडगाव, वास्को, म्हापशासाठी शटल आहे. तिकीट खिडकीवर आधी काढायचं, मग रांगेत उभं राहायचं. उभ्याने प्रवासी घेत नाहीत, त्यामुळे आईंना बसायला जागा नक्की. पण शटल मध्ये कुठेही थांबत नाही. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जायचं असेल आणि मडगाव शटलमध्ये बसलात, तर थेट मडगावलाच उतराल. तिथे साधी बसच घ्यावी.

बेतीची फेरी: जुन्या गोव्यासाठी फोंड्याची बसही चालते, चढताना कंडक्टरला ‘जुने गोवे?’ एवढं विचारून घ्या. ३ डिसेंबरच्या सेंट झेवियरच्या फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) आसपास येत असाल तर त्या भागात वाहतूक वळवलेली असते, तो दिवस टाळलेला बरा.

मिरामार, दोनापावलला स्टँडवरून नदीकाठाने बस जाते. फोंतेन्याश ही जुनी पोर्तुगीज धाटणीची वस्ती तर स्टँडवरून खाडीचा पूल ओलांडला की आलंच, चालत दहा-पंधरा मिनिटं. आल्तिनोचा चढ मात्र आईंना चढायला लावू नका, तिथे रिक्षा किंवा टॅक्सी.

वेळ उरला तर मांडवी नदीच्या धक्क्यावरून बेतीची फेरीबोट घ्या. पायी जाणाऱ्याला पैसे नाहीत, पाच-सात मिनिटांत पलीकडे. पाण्यावरून पणजी इतकी छान दिसते, की हे चुकवू नयेच.

मुळामुठाकाठ: खूप आभार. पण रात्री परतायचं कसं? ओला-उबर?

तिसवाडीकर: ती दोन्ही गोव्यात नाहीत. गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप आधीच फोनवर घेऊन ठेवा. काही हॉटेलांच्या दारात ॲपची गाडी यायला कचरते, तेव्हा मुख्य रस्त्यावर येऊन गाडीत बसा. स्टँडवरची टॅक्सी मीटरवर येत नाही. बसण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: एकूण रक्कम, परतीचं भाडं त्यातच आहे का, आणि थांबल्याचे किती. भांडणं होतात ती बहुतेक परतीच्या भाड्यावरून, कारण गाडी रिकामी परत जाणार म्हणून चालक तेही धरतो आणि ते शेवटी कळतं.

आठनंतर बस विरळ होतात. मडगावला गेलात तर तिथे उतरल्या उतरल्या खिडकीवर शेवटची शटल विचारा.

बेतीची फेरी: एकट्यालाच बाजारात पटकन जाऊन यायचं असेल तर पायलट. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल, भाडं आधी ठरवायचं, हेल्मेट मागून घ्यायचं. मोठी बॅग असेल तर नको.