टेलड्रॅगर विमानाला पुढचं चाक लावतोय, चाकाच्या पायाची नळी पुरेल का?

भोसरीचा_फिटर:
नमस्कार मंडळी. बावीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली, आता ओहायोत डेटनजवळ राहतो, म्हणजे राइट बंधूंच्या गावात. इथे राहून विमान न बनवणं बरं दिसत नाही. एका आजोबांकडून अर्धवट बांधलेलं दोन सीटचं ॲल्युमिनियमचं विमान घेतलं. ते टेलड्रॅगर, म्हणजे तिसरं चाक शेपटीखाली, आणि मी शिकलो पुढे चाक असलेल्या सेस्ना १७२ वर. इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाही दोनदा गोल फिरून गवतात गेलो. तिसऱ्यांदा जायची हौस नाही, म्हणून पुढे चाक.

मुख्य चाकांचे पाय मागच्या स्पारजवळ (पंखातल्या आडव्या तुळईजवळ) हलवून झाले. पुढचा पाय माझ्याच डिझाइनचा: ४१३० क्रोमोली स्टीलची नळी, व्यास दीड इंच, जाडी ०.०९५ इंच, फायरवॉलच्या (इंजिनामागच्या पत्र्याच्या पडद्याच्या) ब्रॅकेटला टिगने वेल्ड. खाली आपोआप वळणारा फोर्क, ५.००-५ टायर.

हिशेब असा. भरलेलं वजन ६०० किलो, चाकांमधलं अंतर १.४५ मीटर, सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) मुख्य चाकांच्या २० सेंटीमीटर पुढे. पुढच्या चाकावर ८३ किलो आले. घरी बांधलेल्या विमानाला सक्ती नाही, तरी सीएस-व्हीएलए या हलक्या विमानांच्या युरोपीय नियमांचे आकडे धरले: उभा भार २.२५ पट, मागे ओढणारा त्याच्या ०.८, म्हणजे १४९ किलो. चाकाच्या आसापासून ब्रॅकेटपर्यंत ५५ सेंटीमीटर. नळीत ताण ३५४ मेगापास्कल, यील्ड (नळी कायमची वाकू लागते तो ताण) ४३५. चालेल ना?

दुसरं दुखणं शिमीचं, म्हणजे चाक डावी-उजवीकडे थरथरण्याचं. फोर्क ट्रेलरला लावून पिकअपमागे ओढला. ताशी ४० किलोमीटरला चाक असं फडफडलं की आरशात नुसता धुरकट गोळा दिसत होता. बायको शेजारी होती. तिने फक्त विचारलं, "यात मला बसवणार?"

ओझरकर:
वायुदलात एअरफ्रेम फिटर होतो, त्यामुळे सरळच विचारतो. भाऊ, तुमचे ८३ किलो कुठल्या सीजीला?

तुम्ही मधला सीजी धरलाय असा वास येतोय. पुढच्या पायासाठी सगळ्यात पुढची मर्यादा धरायची: दोन धष्टपुष्ट माणसं पुढे, मागे सामान नाही. तो आकडा टाका, मग बोलू.

आणि ४३५ हा अखंड नळीचा यील्ड. तुमचा सगळ्यात मोठा वाक कुठे? वर, ब्रॅकेटशी. वेल्ड कुठे? तिथेच. वेल्डच्या कडेची नळी ताकदीने उतरलेली असते. जोडावर बाहेरून माशाच्या तोंडासारखी कापलेली बाही चढवा, म्हणजे वेल्ड एका गोल रेषेत येणार नाही.

आपटून पाय मोडला असं लोक म्हणतात. मी पाहिलेले बहुतेक पाय मागे ओढले जाऊन दुमडले होते. चाक खड्ड्यात अडतं, विमान पुढे जातं, पाय पोटाखाली जातो. आरव्ही-६ए, ७ए या घरी बांधायच्या विमानांत नेमकं हेच व्हायचं. मऊ जमिनीत फोर्कचा नट मातीला टेकायचा आणि नांगर व्हायचा. पुढे फोर्क बदलून तो नट वर घेतला. तुमचा नट जमिनीपासून किती वर आहे? टायर अर्धा बसल्यावर किती?

भोसरीचा_फिटर:
काका, पकडलंत. पुढच्या मर्यादेला सीजी मुख्य चाकांच्या २७ सेंटीमीटर पुढे येतो. चाकावर ११२ किलो, मागची ओढ २०१ किलो, ताण ४७७. यील्डच्या वर! रात्री तीनदा गणित केलं, आकडा काही हलेना. पावणेदोन इंची, ०.१२० जाडीची नळी धरली तर २८२ वर येतो. वजन जेमतेम अर्धा किलो वाढतं. नटाची उंची उद्या मोजतो.

मेलबर्नकर:
मी आरव्ही-१० बांधणाऱ्या एका ग्रुपमध्ये आहे, शिमीचं सांगते. दादा, तुमच्या फोर्कला घर्षणच नसणार. वळायच्या खांबावर वाटीसारखे बेलव्हिल वॉशर घालून नट आवळायचा. मग चाक उचलून धरायचं, आसाला ताणकाटा अडकवायचा आणि आडवं ओढायचं. साधारण १० किलोला चाक वळायला लागलं पाहिजे. आम्ही मासे तोलायचा काटा वापरतो. पहिल्या काही तासांत वॉशर बसतात आणि घर्षण उतरतं, तेव्हा पुन्हा मोजा. टायरचं बॅलन्सिंग केलंत का? आणि विमान भरून उभं असताना फोर्कचा खांब उभाच राहतो ना, तेही ओळंब्याने बघा.

आणखी एक, प्रोपेलरची पाती. पुढचं चाक असलेल्या विमानाला जमिनीपासून ७ इंच मोकळी जागा हवी, भरलेल्या वजनाने पाय दबलेला असताना. टायर बसला आणि पाय पूर्ण दबला तरी पातं टेकता कामा नये. टेलड्रॅगरचं नाक उभं असतं म्हणून त्यात हे डोळ्यांवर येत नाही.

ओझरकर:
बरोबर बोलल्या ताई. फिटर, आता ड्रॉप टेस्ट, म्हणजे वजन लादून पाय उंचावरून टाकून बघायचा. पंख ११ चौरस मीटर धरले तर टाकायची उंची साधारण ३० सेंटीमीटर येते. पण नुसतं ११२ किलो वजन लादून टाकू नका. ब्रेक मारल्यावर नाक खाली दबतं, त्यासाठी पुढे ०.३३ जी (गुरुत्वाच्या ०.३३ पट) धरतात. तुमचा सीजी जमिनीपासून किती वर?

भोसरीचा_फिटर:
९० सेंटीमीटर. म्हणजे अजून १२३, एकूण २३५ किलो. बाप रे.

ओझरकर:
वजनाला वाळूची पोती घ्या. आणि पाय फायरवॉलच्या खऱ्या ब्रॅकेटला बांधून टाका, नुसत्या लोखंडी चौकटीला नको. आधी काय वाकतं ते बघा. पाय वाकला तर नवा करता येतो, फायरवॉल मुरडली तर इंजिन उतरवावं लागतं.

भोसरीचा_फिटर:
शनिवारचं सांगतो. वॉशर घालून काटा साडेदहावर आणला, टायर बॅलन्स केला. ट्रेलर ताशी ६० पर्यंत ओढला, चाक शांत. नट मात्र टायर अर्धा बसला की जमिनीपासून जेमतेम ४ सेंटीमीटर राहतो. फोर्क नवा करतोय, नट वर घेऊन. मोठ्या नळीची ऑर्डर गेली. वाळूची दहा पोती आणली आहेत, ती गॅरेजमध्ये बायकोच्या गाडीच्या जागेवर आहेत. त्यावर घरी वेगळी चर्चा चालू आहे.