पायसोलएफसी: जुनी आकडेवारी आणि फ्रीसेलचे नंबर नव्या मिंटवर कसे आणायचे?

बाबांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट २०.३ ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. त्याचा सपोर्ट एप्रिल २०२५ मध्ये संपला, म्हणून नवी एसएसडी लावून मिंट २२ कोरं टाकलं. पायसोलएफसी हा एकट्याने खेळायच्या पत्त्यांच्या खेळांचा प्रोग्रामही टाकला, सुरू होतो. पण तीन ठिकाणी गाडी अडलीये.

आकडेवारी शून्यावर आली. जुन्या डिस्कवरून डॉक्युमेंट्स, फोटो सगळं आणलं, पण जिंकल्या-हरल्याचा हिशेब कुठे साठतो? बाबांना तो हवाच आहे.

त्यातल्या क्लोंडाइक या खेळात एकेकच पान उलटतं. तीन-तीनची सेटिंग सापडत नाही.

तिसरं सगळ्यात चिवट. त्यांच्याकडे विंडोज एक्सपीच्या काळापासूनची वही आहे. त्यात फ्रीसेल या पत्त्यांच्या खेळातल्या अवघड डावांचे नंबर (एका नंबराला पानांची वाटणी ठरलेली), पुढे सुटला तर बरोबरची खूण नाहीतर फुली. तेच नंबर इथे टाकले की भलताच डाव येतो.

कृपया ऑनलाइन खेळ सुचवू नका. मध्येच जाहिरात आली की बाबा सरळ मशीनच बंद करतात.

इस्पिकचा गुलाम:
जुनी डिस्क पुसली नाहीत ना? होम फोल्डरमध्ये पायसोलएफसी नावाचं फोल्डर असतं, नावाआधी टिंब असल्यामुळे लपलेलं. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबा, दिसेल. आकडेवारी त्यातच असते. आधी खेळ पूर्ण बंद करा. नव्या फोल्डरचं नाव बदलून ते बाजूला ठेवा आणि जुनं त्या जागी आणा. जुनं नीट वाचलं गेलं नाही तर मागे फिरता येईल.

तीन पानांची सेटिंग शोधत बसू नका. पायसोलएफसीच्या हजारावर खेळांच्या यादीत ‘क्लोंडाइक बाय थ्रीज’ असा वेगळाच खेळ आहे.

रिकामटेकडी:
वहीसाठी: डावाचा नंबर टाकताना आधी लहान इंग्रजी अक्षरांत एमएस लिहा, मध्ये जागा न सोडता. पायसोलची पिसायची पद्धत वेगळी आहे. एमएस लावलं की पानं विंडोजच्या फ्रीसेलसारखी वाटली जातात.

आणि वहीत ११९८२ असेल तर तिथे फुलीच असणार! विंडोजच्या मूळ ३२,००० डावांत न सुटणारा तोच एक.

धागाकर्ता:
एमएस चाललं! आकडेवारीही आली, दोघांचे आभार. ११९८२ वहीत आहे, पुढे फुल्यांची रांग. तो सुटतच नाही हे बाबांना पटलेलं नाही, आत्ता परत मांडून बसलेत. आता एवढंच की पानं फार बारीक दिसतात, चौकट की बदाम ते त्यांना कळत नाही.

इस्पिकचा गुलाम:
ऑप्शन्समध्ये कार्ड साइज बघा. तिथून जमत नसेल तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेची पिलो लायब्ररी आहे का ते तपासा, पानं लहानमोठी करायला ती लागते. मग पुन्हा सुरू करून बघा आणि इथे कळवा.