मदत हवी आहे : हिवाळ्यातलं गाव फोटोत येतच नाहीये

लाटांकित (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. जरा तातडीचं आहे. ३१ जानेवारीपर्यंत दहा फोटो द्यायचेत, विषय ‘हिवाळ्यातलं रोजचं जगणं’. तीन आठवडे वेळ मिळेल तेव्हा बाहेर पडतोय, हजाराच्या वर फोटो झाले आणि एकही ठेवावासा वाटत नाही. समुद्र, ताडाची झाडं, पांढरी हॉटेलं आणि कोपऱ्यात मुंगीएवढा माणूस. सगळे कॅलेंडरवरच्या चित्रासारखे. बाजारात गेलो तर मासळीच नव्हती, लोक जुने आरसे आणि चमचे मांडून बसले होते. सेटिंगमध्ये काय बदलू? जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

वामनकाका
गाव कुठलं? देश कुठला? फोटो कोणाला द्यायचेत? किती वाजता जाता? यातलं काहीच न सांगता सेटिंग कसं सांगणार?

पिक्सेलपाटील
फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्या. मी दोन वर्षं क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवर घालवली, आता पश्चात्ताप होतोय. संध्याकाळच्या उजेडात फरक लगेच कळतो. बजेट सांगा, मॉडेल सुचवतो.

लाटांकित
कॅमेरा घ्यायचा नाहीये, आहे तो चांगला आहे. गाव कान्स, फ्रान्स, ते फेस्टिव्हलवालं. कंपनीने सहा महिन्यांसाठी सोफिया अँतिपोलिस या जवळच्या टेक्नॉलॉजी पार्कला पाठवलंय, राहायला कान्सला आहे. इथल्या एका हौशी फोटोग्राफी क्लबचं छोटं प्रदर्शन आहे. मला फ्रेंच येत नाही, त्यांनी तरी आपलेपणाने बोलावलं, म्हणून हे नीट व्हायला हवंय.

शुद्धलेखन_सातारा
उच्चार ‘कान’. शेवटचा स म्हणत नाहीत.

गौरी_नीसकर
मी अकरा वर्षं शेजारच्या नीस शहरात राहतेय, कानला महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं. तुम्ही फोरव्हिल मार्केटला सोमवारी गेला असणार. सोमवारी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. मासळी-भाजी इतर दिवशी, तीही सकाळीच. दुपारी एकनंतर गेलात तर पाण्याने धुतलेली फरशी दिसेल. आता जानेवारीत मिमोझाच्या पिवळ्या फुलांच्या जुड्या आल्या असतील, मागच्या तानरोंच्या डोंगरावर तो फुललेला असतो.

आणि एक. हिवाळ्यात हे गाव ‘रिकामं’ असतं हा समज आधी काढून टाका. मुळात ही हिवाळ्याचीच जागा. १८३४ साली लॉर्ड ब्रूम हे ब्रिटिश राजकारणी इटलीला निघालेले, कॉलऱ्यामुळे सरहद्द बंद, म्हणून इथे अडकले आणि पुढे घरच बांधलं. त्यांच्यामागून इंग्रज श्रीमंत यायचे ते थंडी टाळायला. उन्हाळ्यात हॉटेलं बंद ठेवायची रीत होती, उन्हाळी मोसम रुळला तो १९२० च्या दशकापासून. ज्या क्रोआझेतवर, म्हणजे समुद्रालगतच्या हॉटेलांच्या रस्त्यावर, तुम्ही उभे राहता ती पाहुण्यांसाठी सजवलेली ओटी आहे. घर मागे आहे.

वामनकाका
गौरीताईंनी बाजाराचं कोडं सोडवलं. लाटांकित, तुम्ही वेळ अजून सांगितलेली नाही. आणि लेन्स कुठली?

लाटांकित
ऑफिस सुटल्यावर साडेपाचला पोचतो. शनिवार-रविवार बारा ते दोन. मागे एका सोमवारी सकाळी सुट्टी घेतली होती, तोच बाजाराचा दिवस. लेन्स ७०-३०० मिमी, लांबचं जवळ दाखवणारी. रस्त्याच्या पलीकडून काढतो, म्हणजे कुणाला त्रास नको.

वामनकाका
हे पहिल्याच प्रतिसादात हवं होतं! जानेवारीच्या मध्यात तिथे सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि सव्वापाचला एस्तेरेलच्या डोंगरामागे जातो. म्हणजे आठवडाभर तुम्ही दिवस संपल्यावर पोचता. बारा ते दोन ही वेळ मात्र आपल्याकडच्यासारखी वाया जाणारी नाही. डिसेंबरअखेर तिथला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर असतो, आता फार तर २५-२६. मुंबईत तोच ४७-४८ अंशांवर. त्यामुळे तिथे भर दुपारीही सावल्या लांब पडतात, चेहऱ्यावर ऊन तिरकं येतं. पण समोर चमकतं पाणी आणि मागे पांढऱ्या भिंती असल्या की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, माणसं काळी पडतात. चेहऱ्यावरून किंवा हाताच्या तळव्यावरून एक्स्पोजर घ्या आणि लॉक करा.

आणि ३०० ची लेन्स घरी ठेवा. ३५ किंवा ५० लावा. रस्त्याच्या पलीकडून काढलेल्या फोटोत माणूस पलीकडचाच दिसणार.

करडा_रंग
सेटिंग एकच : काळा-पांढरा. रंग असले की ती जागा जाहिरात वाटते. मी दापोलीचे सगळे फोटो काळ्या-पांढऱ्यात केले, लोकांनी उभं राहून पाहिले.

गौरी_नीसकर
आणि मिमोझाचं काय करायचं? करड्या रंगात मिमोझा म्हणजे वाळलेला पाला. तिथल्या हिवाळ्याची खूणच तो पिवळा रंग आहे.

करडा_रंग
पिवळं फूल दाखवायचंय की माणसं? विषय ‘रोजचं जगणं’ आहे, पुष्पप्रदर्शन नाही.

गौरी_नीसकर
रविवारी सकाळी जुडी काखेत धरून घरी निघालेली आजी हे रोजचं जगणंच आहे हो.

मांडवीकाठ
मी पणजीचा. कान पाहिलेलं नाही, पण पाहुणे गेल्यावरचा किनारा चांगला ठाऊक आहे. पावसाळ्यात कळंगुटला शॅक उतरवलेले, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. पर्यटक म्हणतात काही नाही. पण तेव्हाच जाळी विणायला बसतात, होड्या उलट्या घालून डांबर लावतात, छपरं शिवतात. मी तीन पावसाळे एकाच घराच्या पडवीत बसून फोटो काढले. पहिले चार दिवस ते मला चहा देत राहिले आणि कामं थांबवत राहिले. पाचव्या दिवशी विसरले. तिथेही हंगामाआधीची डागडुजी चालूच असणार. रंग कोण देतं, बोटीचा तळ कोण खरवडतं, ते शोधा.

गौरी_नीसकर
अगदी! जुन्या बंदरात पाहा, एका बाजूला मोठमोठ्या यॉट आणि दुसरीकडे मच्छीमारांच्या लहान बोटी, जाळ्यांचे ढीग. शेजारी लिबेर्तेच्या चौकातल्या झाडांखाली पेतांकचा, म्हणजे लोखंडी गोळे फेकायच्या खेळाचा डाव रंगलेला असतो, म्हातारे कोट घालून तासन्‌तास. वर टेकडीवरच्या सुके या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत दोरीवरचे कपडे. किनाऱ्यावर थंडीतही पोहणारी मंडळी असतात.

रिमझिम७
अवांतर : मे महिन्यात आई-बाबांना घेऊन तिकडे जायचं आहे. फेस्टिव्हलच्या सिनेमांची तिकिटं मिळतात का? आणि पोहे कुठे मिळतील?

वामनकाका
वेगळा धागा काढा, सगळे उत्तर देतील. तो महोत्सव मुख्यतः सिनेमाच्या व्यवसायातल्या लोकांसाठी असतो, तिकीट खिडकी नसते, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

लाटांकित
जवळ जायचं मान्य. पण मागे एका विक्रेत्याने हात हलवून हाकललं, मोठ्याने काहीतरी बोलला. तेव्हापासून जवळ जायला पाय उचलत नाही. फ्रान्समध्ये कायदा कडक आहे म्हणतात ना?

पिक्सेलपाटील
विचारूच नका. विचारलं की माणूस पोझ देतो, फोटो संपला. कमरेवरून काढा, स्क्रीन उघडून. कळतही नाही.

गौरी_नीसकर
हे अजिबात करू नका. सार्वजनिक जागेत फोटो काढायला सहसा हरकत नसते, प्रश्न येतो दाखवण्याचा. दिवाणी संहितेचं कलम ९ खासगी आयुष्य जपतं. ओळखू येणारा एकटा माणूस भिंतीवर लावायचा असेल तर त्याला विचारलेलं असावं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, लपून काढायचं कशाला? तो माणूस तुमच्यावर नाही, ३०० च्या नळकांड्यावर चिडला. इथे दुकानात शिरताना ‘बोंजूर’ न म्हणणं म्हणजे आपल्याकडे चपला घालून देवघरात जाणं. आधी बोंजूर, मग अर्धा किलो काहीतरी घ्या, मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवा.

मांडवीकाठ
पोझचं म्हणाल तर पहिला फोटो पोझचा काढून टाका. तो त्यांचा. मग तिथेच उभे राहा. गिऱ्हाईक आलं की विकणारी कामाला लागतेच.

लाटांकित
शनिवारी सकाळी आठला गेलो. ३५ ची लेन्स. बोंजूर म्हणून मासळीच्या एका टेबलापुढे उभा राहिलो, पाव किलो लहान मासे घेतले. बाई साठीच्या असाव्यात. लोकरीचे बोटं कापलेले हातमोजे, त्यांवर खवले चिकटलेले, वाळून चमकणारे. कॅमेरा दाखवला तर ताठ उभ्या राहिल्या, हसल्या. तो एक काढला. मग गिऱ्हाईकं आली आणि मी तिथेच दीड तास. नऊला पत्र्याखालून उन्हाची तिरीप टेबलावर आली. त्यांनी कॉफीचा कागदी कप दोन्ही हातांत धरला आणि ती वाफ तोंडावर घेत डोळे मिटले. मागे कुणाच्या तरी पिशवीतून मिमोझा डोकावतोय. तो फोटो मिळाला. चेहऱ्यावरून मीटर लॉक केलं होतं, वामनकाका.

दीड तासात चाळीसच फोटो काढले, त्यातले तीन ठेवलेत. सात राहिले.

वामनकाका
ते सात त्याच पत्र्याखाली शोधा, आता गाव बदलू नका. ऑफिसला दोन दिवस उशिरा जाता येतं का ते विचारा.

करडा_रंग
रंगीतच ठेवा. पिशवीतलं फूल गेलं तर फोटो जाईल.

गौरी_नीसकर
बाईंना तो फोटो छापून द्या, आणि प्रदर्शनात लावू का तेही तेव्हाच विचारा. फ्रेंच वाक्य लिहून देते, संदेश पाहा.

लाटांकित
मिळालं ताई, आरशापुढे घोकतोय. १३ बाय १८ ची प्रत छापायला टाकली आहे, गुरुवारी मिळेल. ऑफिसातून मंगळवार आणि शुक्रवारची सकाळ मागून घेतली आहे. शुक्रवारी देतो.