पुढे चार चाकं असलेली स्पोर्ट्स कार: कल्पनाच चुकीची होती का?

सातपूर_डिप्लोमा
मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला इटलीच्या कोव्हिनी सी६डब्ल्यूचं छोटं मॉडेल घेतलंय. पुढे चार चाकं, मागे दोन. मूळ गाडीत ऑडीचं ४.२ लिटरचं व्ही८ इंजिन. पुढच्या चारही चाकांना मी सारख्याच मापाचे स्टिअरिंग आर्म लावलेत, पण वळवलं की दुसरी जोडी फरशीवर घासते. सर म्हणतात, सहा चाकांचा नाद जगाने सोडला, तूही सोड. काय करू?

गंगापूर_रोडकर
सोडू नको. टायरेल पी३४ला पुढे १० इंची चार चाकं होती आणि १९७६ला स्वीडनची फॉर्म्युला वन शर्यत तिनेच मारली. शेक्टर पहिला, देपाये दुसरा, दोघंही पी३४मध्ये. १९८३पासून तर नियमानेच चारच्या वर चाकं बंद केली.

आडगाव_अलाइनमेंट
अरे पोरा, मी आडगावच्या ट्रक टर्मिनसजवळ बावीस वर्षं अलाइनमेंट करतोय. पुढे दोन स्टिअरिंग एक्सल असलेले ट्रक हेच दुखणं घेऊन माझ्याकडे येतात. पहिली जोडी जितकी वळते तितकी दुसरीने वळायचं नसतं. ती मागच्या एक्सलच्या जवळ, म्हणून तिचा कोन कमी. मधला रॉड जरा इकडेतिकडे झाला की गाडी टायर खायला लागते. मी मशीन नंतर लावतो, आधी टायरवर तळहात फिरवतो. एका बाजूने हात गुळगुळीत जातो, उलटा आणला की करवतीसारखं टोचतं. तसं टोचलं म्हणजे चाक नीट फिरत नाहीये, फरफटतंय.

दुसऱ्या जोडीचे आर्म लांब कर. किती, ते कागदावर बघ: वळलेल्या प्रत्येक चाकापासून काटकोनात रेघ ओढायची, चारही रेघा मागच्या एक्सलच्या रेषेवर एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत.

आणि पी३४ रबरामुळे मागे पडली असं माझं ठाम मत आहे. मागची टायर इतर गाड्यांसारखीच, त्यामुळे गुडइयर ती सुधारत राहिली. १० इंची टायर वापरणारी एकटी टायरेल, ती तिथेच राहिली. मागे पकड वाढत गेली, पुढे नाही. यात चाकांच्या संख्येचा काय दोष? कोव्हिनीची कल्पनाही सत्तरच्या दशकातलीच, गाडी लोकांसमोर आली २००४ला. पुढचं एक टायर फुटलं तरी त्याच बाजूला दुसरं शाबूत असतं. कसारा घाट उतरताना पुढचं टायर गेलेली गाडी मी जवळून पाहिलीये, मला तरी हे फार मोलाचं वाटतं.

सातपूर_डिप्लोमा
काका, आत्ताच बोट फिरवून बघितलं. दुसऱ्या जोडीच्या उजव्या चाकाला खरंच कड आलीये. आज रात्रीच पत्रा कापतो.

आडगाव_अलाइनमेंट
पत्र्याला हात लावू नको अजून. आधी पुठ्ठ्याचे आर्म करून टाचणीने लाव, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघ. जमलं नाही तर रविवारी मॉडेल घेऊन ये, दुपारी मी मोकळा असतो.