मदत हवी आहे : पेन्शनला १० महिने कमी, 'पुढे नोकरी करायची इच्छा नाही' असं लिहून देणाऱ्या 'अनविलिंग' सर्टिफिकेटवर सही करावी का?

धाकटा भाऊ सैन्यात नाईक आहे. कंबरेच्या दुखापतीनंतर लो मेडिकल कॅटेगरीत (पूर्ण तंदुरुस्त नसलेल्यांच्या वैद्यकीय श्रेणीत) आहे आणि आता डिस्चार्जची कारणे दाखवा नोटीस आलीय. त्या तारखेला सेवा १४ वर्षे २ महिने होते. जवानाच्या पेन्शनला १५ वर्षे लागतात.

कमी पडणारी सेवा १२ महिन्यांपर्यंत माफ होऊ शकते, हे माहीत आहे. पण स्वतःच्या विनंतीवरून सुटणाऱ्याला पेन्शन नियमांत ही सवलत नाकारलेली आहे, आणि घोडं तिथंच अडलंय. युनिटमधला क्लार्क म्हणतो, "अनविलिंगवर सही कर, लवकर सुटशील." लवकर सुटायचंय कुणाला! शेल्टर्ड अपॉइंटमेंटसाठी (सेवेतच राहून प्रकृतीला झेपेल अशा हलक्या कामासाठी) अर्ज केला, तोंडी नकार मिळाला. रेकॉर्ड ऑफिसला (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं सैन्याचं कार्यालय) पत्र गेलंय, उत्तर नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात "आधी डिस्चार्ज होऊ द्या" म्हणाले.

रेड एन्ट्री (मोठ्या शिक्षेची लाल शाईतली नोंद) नाही, बिनपगारी रजा नाही, म्हणजे सेवेतून दिवस कापले जाणार नाहीत. रिलीज मेडिकल बोर्ड (सुटण्याआधीची वैद्यकीय तपासणी) अजून व्हायचाय, त्यामुळे डिसॅबिलिटी पेन्शनचा विषय तूर्तास बाजूला ठेवू. नोटिशीच्या उत्तराला नऊ दिवस उरलेत.

ज्यांनी हे प्रत्यक्ष हाताळलंय त्यांनी सांगावं : अनविलिंग सर्टिफिकेट 'स्वतःची विनंती' धरलं जातं का? आणि माफीची मागणी नोटिशीच्या उत्तरातच लिहायची की डिस्चार्जनंतर वेगळा अर्ज करायचा?