येशूजन्माच्या कथा: इतिहास म्हणून किती टिकतात?

जुनीपोथी:
नाताळच्या गोठ्यात मेंढपाळ आणि मागी (ताऱ्यामागून आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) शेजारी शेजारी मांडलेले असतात. शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या येशूचरित्रांत, मात्र त्यांची गाठच पडत नाही. मेंढपाळ फक्त लूककडे, मागी फक्त मत्तयकडे. मार्क आणि योहान तर जन्मकथा सांगतच नाहीत.

मत्तय वाचला तर योसेफ-मरीया बेथलेहेमचेच रहिवासी वाटतात. मागी त्यांच्या घरात येतात, मग बेथलेहेममधले दोन वर्षांखालचे मुलगे मारवणाऱ्या हेरोद राजाच्या भीतीने कुटुंब इजिप्तला पळतं. तो मेल्यावरही यहूदीयात त्याचा मुलगा अर्खेलाव राज्य करतोय म्हणून ते नासरेथला जातात. लूककडे सगळं उलटं. कुटुंब मूळचं नासरेथचं, नावनिशीसाठी (जनगणनेसाठी) पूर्वज दावीद राजाच्या गावी, बेथलेहेमला, आलेलं, आणि यरुशलेमच्या मंदिरातले विधी उरकून परत घरी. यात इजिप्त बसवायचं कुठे?

खरी गोची तारखेची आहे. हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला. सूरियाचा (सीरियाचा) रोमन सुभेदार क्विरीनिय याची नावनिशी पहिल्या शतकातल्या ज्यू इतिहासकार जोसिफसच्या इतिहासानुसार अर्खेलावाला हटवल्यानंतरची, म्हणजे इ.स. ६ ची. लूक कथेची सुरुवात हेरोदाच्या काळात करतो आणि जन्म या नावनिशीत दाखवतो. शिवाय इ.स. ६ मध्ये नासरेथचा प्रांत गालील हेरोदाच्या दुसऱ्या मुलाच्या, अंतिपाच्या, ताब्यात होता. नासरेथच्या माणसाला यहूदीयातल्या नावनिशीशी काय देणंघेणं?

माझं मत: मीखा संदेष्ट्याच्या जुन्या ग्रंथात राजा बेथलेहेममधून येणार असं म्हटलंय, म्हणून दोघांनी आपापल्या परीने येशूला तिथे जन्माला घातलं.

खारेवारा:
साफ असहमत. दोघांनी एकमेकांचं पाहून लिहिलेलं नाही हे तुमच्याच मांडणीतून दिसतं. तरीही आईबापांची नावं, एकत्र राहण्याआधीचं गरोदरपण, हेरोदाचा काळ, बेथलेहेममधला जन्म आणि नासरेथमधलं बालपण हे सगळं जुळतं. दोन स्वतंत्र साक्षीदार एवढ्या गोष्टींवर एकमत असतील तर कुठलाही इतिहासकार ते गंभीरपणे घेईल.

बालहत्येची नोंद जोसिफसकडे नाही, हा आक्षेप पुढे येणारच, म्हणून आधीच लिहितो. बेथलेहेम छोटं गाव. दोन वर्षांखालचे मुलगे असून असून किती असणार? हेरोदाने अलेक्झांडर आणि अरिस्तोबुल या पोटच्या पोरांना गळा आवळून मारवलं, तिसऱ्याला, अंतिपातराला, स्वतःच्या मृत्यूच्या पाच दिवस आधी. असल्या कारकिर्दीत एका खेड्यातली पोरं कोण मोजतो? आणि नावनिशीसाठी गावी परतण्याचं म्हणाल, तर इजिप्तच्या रोमन सुभेदाराचं इ.स. १०४ चं तसं फर्मान पपायरसवर सापडलंय.

जुनीपोथी:
ते फर्मान बाहेरगावी असलेल्यांनी *आपापल्या* घरी परतावं असं सांगतं. हजार वर्षांपूर्वीच्या दावीदच्या गावी जा असं नाही! आणि हेरोद क्रूर होता एवढ्यावरून हे कृत्य त्याने केलंच, असं कसं ठरतं? जुळणाऱ्या गोष्टींचं म्हणाल, तर दोघांच्या आधीपासून चालत आलेली एकच श्रद्धा दोघांनी उचलली असेल. मग साक्षीदार दोन कुठले?

तळटीप:
मधेच नाक खुपसतो. नावनिशीबद्दल लूक अगदीच अडाणी नव्हता. त्याच्याच 'प्रेषितांची कृत्ये' या दुसऱ्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात तो नावनिशीच्या दिवसांत उठाव करणाऱ्या गालीलकर यहूदाचा उल्लेख करतो. हेरोद मेल्यावरही उठाव झालेच होते. नासरेथपासून जेमतेम दीड तासाच्या चालीवरचं सेप्फोरिस रोमन फौजांनी तेव्हा जाळलं. सत्तर-ऐंशी वर्षांनी लिहिणाऱ्याकडून दोन धामधुमी एकमेकींत मिसळल्या असाव्यात, असं मला वाटतं. वंशावळींवर कुणीच बोललं नाही, बरं झालं. योसेफाचा बाप मत्तयकडे याकोब, लूककडे एली. त्यावर वेगळा धागा लागेल.

खारेवारा:
तारीख सोडून देतो. पण तारीख चुकली म्हणून गावही चुकलं असं होत नाही. बेथलेहेम निव्वळ रचायचं असतं तर कुटुंब तिथलंच आहे असं लिहून लूक मोकळा झाला असता. एवढी यातायात कशाला?

जुनीपोथी:
त्या यातायातीतच तर गोम आहे. येशू नासरेथचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, ते लपवता येत नव्हतं. योहानाच्या सातव्या अध्यायात लोक हाच टोमणा मारतात की ख्रिस्त गालीलमधून कसा येईल, तो तर बेथलेहेममधून यायचा. तिथे 'अहो, तो जन्मला बेथलेहेममध्येच' असं म्हणायला एकही माणूस पुढे येत नाही. खुद्द योहानसुद्धा नाही.